चाचणी बाईची आणि बोभाटाही बाईचाच!

पांढरकवड्याहून नागपूरच्या एसटीत बसणारा प्रत्येक माणूस कोर्टाच्या नाहीतर बाजाराच्याच कामाने निघालेला असतो, असे नाही. कोणी पैनगंगा ओलांडून आदिलाबाद गाठतो, कोणी वणीहून चंद्रपूर, तर कोणी पुसदहून नांदेड. खिशात दोन दिवसांची मजुरी, घरी सांगितलेले काहीतरी खोटे कारण आणि मनात एकच धास्ती की, तिथे आपल्याला ओळखणारे कोणी भेटायला नको! ज्या कामासाठी हा माणूस रोजी बुडवून परजिल्ह्यात जातो, ते काम त्याच्याच तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फुकट होते. गरमी, परमा, एचआयव्ही, म्हणजे लैंगिक संबंधातून लागणाऱ्या आजारांची तपासणी, एवढेच ते काम. मग तो एवढ्या लांब का जातो?

कारण तालुक्याच्या दवाखान्यात केसपेपर फाडणारा त्याच्या साडूच्या गावचा असतो. रक्त घेणारा शाळेतला सोबती निघतो. समुपदेशकाच्या खोलीबाहेरच्या बाकावर आपल्याच वस्तीतली मावशी बसलेली असते आणि ती सगळ्यांसमोर विचारते, "काहून आला बे इकडं? काय झालं?" त्या खोलीवर काय पाटी आहे, हे साऱ्या तालुक्याला ठाऊक असते. त्या दारातून आत जाणे म्हणजे अर्धा निकाल गावाला सांगून टाकणे! लहान गावात माणूस आजाराला घाबरतो त्याच्या दसपट गावाच्या तोंडाला घाबरतो. म्हणून बरेच जण परगावीही जात नाहीत आणि तालुक्यालाही जात नाहीत. बसस्टँडच्या भिंतीवर 'शर्तिया इलाज' अशी पाटी रंगवून बसलेल्या भोंदूकडे ते जातात, नाहीतर औषधाच्या दुकानात हळू आवाजात गोळी मागतात आणि गप्प बसतात. हे गप्प बसणे किती महागात पडते, हे सांगण्यासाठी आम्ही आज लिहीत आहोत.

हा विषय चळवळीच्या दैनिकात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आरक्षण, अत्याचार, जमिनीचे प्रश्न, शिष्यवृत्ती हे सारे सोडून गुप्तरोगावर अग्रलेख? आम्ही म्हणतो, होय! कारण ज्यांच्याजवळ पैसा आहे ते नागपूरच्या खासगी प्रयोगशाळेत बंद लिफाफ्यात निकाल घेतात आणि गाडीत बसून घरी येतात. उघडे पडतात ते आमचे मजूर, आमच्या आयाबहिणी, तांड्यावरचे आणि पोडावरचे लोक. गुपित राखण्याची चैन आज फक्त पैसेवाल्यांना परवडते. इज्जतीचा हक्क जर पैशावर मिळत असेल, तर तो चळवळीचा प्रश्न नाही तर कोणाचा?

पुरुषाला निदान एसटी पकडता येते. बाईला तेही नाही. तिची चाचणी वेगळ्याच वाटेने होते. दिवस गेले की आशाताई घरी येते, नाव नोंदवते, तिला आरोग्य केंद्रात नेते. हिमोग्लोबिन, रक्तगट यांच्याबरोबरच एचआयव्ही आणि गरमी यांचीही तपासणी होते. हे अत्यंत योग्य आहे, हे आम्ही आधीच स्पष्ट करतो. गर्भवतीला गरमी असेल आणि ती कळली नाही, तर मूल पोटातच दगावू शकते, अपुऱ्या दिवसांचे होऊ शकते किंवा आजार घेऊनच जन्माला येते. आणि ही गरमी वेळेत कळली तर इलाज काय? बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन! सुरुवातीच्या अवस्थेत एकदा दिलेला डोसही पुरतो. आजार जुना असेल तर आठवड्याच्या अंतराने तीन. फार जुने आणि स्वस्त औषध आहे हे. एचआयव्ही असेल तर आईला रोजच्या गोळ्या सुरू करून आणि बाळाला जन्मानंतर औषध देऊन बाळ वाचवता येते. तेव्हा गर्भवतीची चाचणी झालीच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो पुढच्या गोष्टीबद्दल. घरातली पहिली चाचणी तिची झाली, म्हणून घरातला पहिला 'दोषी' निकालही तिच्याच नावावर लागतो. नवरा ट्रकवर आहे, वणीच्या कोळसा खाणीवर आहे, सुगी सरली की पुण्याला बांधकामावर जातो. त्याने आजवर कधी बोटाला सुई टोचून घेतलेली नाही, म्हणून तो 'साफ'! सासू म्हणते, हिनेच माहेराहून आणले. दीर म्हणतो, हिचे पाऊलच असले. आठव्या महिन्यात तिला माहेरच्या बसमध्ये बसवून दिले जाते आणि वर्षाच्या आत नवऱ्यासाठी दुसरी मुलगी पाहिली जाते. त्या दुसरीलाही दिवस जातात, तिचीही चाचणी होते आणि तिच्याही नावावर तोच निकाल लागतो. तरीही नवरा 'साफ'! ज्याने आजार आणला असण्याचा जास्त संभव, त्याला कोणी विचारीत नाही. जिच्यामुळे तो आजार कळला, जिच्यामुळे साऱ्या घराला औषध मिळू शकले असते, तिला घराबाहेर काढले जाते. याला न्याय म्हणतात काय?

आणि उपचाराच्या दृष्टीनेही हा शुद्ध मूर्खपणा आहे. बायकोला इंजेक्शन दिले आणि नवरा तसाच राहिला, तर तिला पुन्हा तोच आजार होणार. गरमी एकदा बरी झाली म्हणजे जन्माचे संरक्षण मिळत नाही. परम्याचेही तसेच. या आजारांचा उपचार जोडीने केला तरच तो उपचार. म्हणून सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये जोडीदारालाही बोलावण्याचा नियम आहे. पण नियम कागदावर राहतो आणि जोडीदार पानठेल्यावर!

बाईला तपासायचे आणि पुरुषाला मोकळे सोडायचे, ही रीत काही आजची नाही. इंग्रजांनी १८६८ साली हिंदुस्थानात सांसर्गिक रोगांचा कायदा केला होता. गोऱ्या शिपायांना गुप्तरोग होतात म्हणून वेश्या ठरवलेल्या बायकांची नावे नोंदवायची, त्यांची सक्तीने तपासणी करायची आणि रोगी निघाल्या तर त्यांना कुलूपबंद दवाखान्यात डांबायचे. शिपायाला मात्र हात लावायचा नाही! विरोध झाला आणि १८८८ साली हा कायदा रद्द झाला. कायदा गेला, वृत्ती राहिली. आमच्याच जिल्ह्यातील झरी जामणी, केळापूर, मारेगाव या भागातल्या कुमारी मातांचा प्रश्न पाहा. कोलाम, गोंड मुलींना फसवून पोटुशी करणारे ठेकेदार आणि मुकादम निघून गेले. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली ती कडेवर मूल घेतलेल्या मुलींची, सर्वेक्षणे झाली ती मुलींची, आकडे जाहीर झाले ते मुलींचे. त्या बापांची मोजदाद कोणी केली? मुलीवर 'कुमारी माता' असा शिक्का बसला, पुरुषासाठी तसा शब्दच भाषेत नाही!

या विषयावर बोलायची लाज वाटते म्हणणाऱ्यांनी बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा वाचावे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथराव कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले आणि मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत चालवले. संततिनियमन, गुप्तरोग, स्त्रीपुरुष संबंध या विषयांवर ते शास्त्रीय माहिती देत. गुप्तरोगापासून बचाव कसा करावा यावर त्यांनी पुस्तकही लिहिले. पुण्यामुंबईचे सनातनी त्यांच्यावर तुटून पडले. प्राध्यापकाची नोकरी गेली. खटले झाले. १९३४ साली वाचकांच्या लैंगिक शंकांना मासिकातून उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. त्या खटल्यात कर्व्यांच्या बाजूने कोर्टात कोण उभे राहिले? बॅरिस्टर डॉ. भीमराव रामजी आंबेडकर!

तो काळ डोळ्यांसमोर आणा. गोलमेज परिषदा झालेल्या, पुणे करार होऊन दीड वर्ष लोटलेले, येवल्याची घोषणा अजून व्हायची होती. बाबासाहेबांपाशी कामाचा डोंगर होता. एका एकाकी ब्राह्मण सुधारकाचा 'घाणेरडा' म्हणून हिणवला गेलेला खटला त्यांना सहज टाळता आला असता. त्यांनी तो टाळला नाही. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच कोणी अश्लील ठरत नाही, लोकांच्या मनात शंका असतील तर जाणकाराने उत्तर दिलेच पाहिजे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. कोर्टाने तो मानला नाही, कर्व्यांना दंड झाला. खटला हरला, पण मुद्दा हरला नाही. पुढे १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबई विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षातर्फे रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव आणला, त्यामागेही बाबासाहेबच होते. ज्या नेत्याने शरीराच्या आरोग्याविषयी उघडपणे बोलण्याच्या हक्कासाठी काळा कोट चढवला, त्याच्या अनुयायांनी विहाराच्या सभेत 'गरमी' हा शब्द उच्चारायला लाजावे काय?

न बोलल्याने काय होते त्याचा पुरावा आमच्या विदर्भातच आहे. गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली तो अभ्यास 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि जगभरच्या डॉक्टरांचे डोळे उघडले. शंभरातील ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. एकेका बाईला सरासरी तीनहून अधिक आजार! आणि यापूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया किती? शंभरात अवघ्या आठ. यातली जवळपास निम्मी बायामाणसे 'मला काही त्रास नाही' म्हणणारी होती. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे, जळजळ होणे हे बाईच्या जातीला असायचेच, असे आईने लेकीला सांगितले आणि लेकीने तिच्या लेकीला. 'त्रास नाही' याचा अर्थ 'आजार नाही' असा होत नाही. गरमीची पहिली जखम दुखतसुद्धा नाही, आपोआप भरून येते आणि आजार रक्तात मुरतो. एचआयव्ही तर वर्षानुवर्षे काही लक्षण दाखवीत नाही. डोळ्यांना दिसत नाही म्हणूनच चाचणी करायची असते.

वेळेत तपासणी आणि साधा उपचार मिळाला नाही की दुसऱ्या टोकाला काय घडते, ते बीड जिल्ह्याने दाखवले. ऊसतोड करणाऱ्या बायांच्या गर्भपिशव्या सर्रास काढल्या जातात अशी ओरड झाली आणि २०१९ साली शासनाने चौकशी समिती नेमली. ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक बायांची गर्भपिशवी काढलेली आढळली. यातल्या कितीतरी जणी पांढरे जाते, पोट दुखते म्हणून खासगी डॉक्टरकडे गेल्या होत्या. 'कॅन्सर होईल' अशी भीती घालून त्यांना थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेतले गेले. ज्या तक्रारींपैकी पुष्कळशा गोळ्यांच्या एका पाकिटाने बऱ्या झाल्या असत्या, त्यांच्यापायी बाईने कर्ज काढले आणि गर्भाशयही गमावले. सुरक्षा क्लिनिकमध्ये हीच औषधे रंगीत पाकिटांतून फुकट मिळतात. पांढरे जाणे, ओटीपोटाचे दुखणे, जखम, प्रत्येकाचे पाकीट वेगळे. पण तिथवर ती बाई पोचली पाहिजे ना! ती पोचत नाही, कारण आमच्या चार घरांच्या वस्तीत गुपित राहत नाही.

गुपित फुटले की काय होते, याचे एक उदाहरण शेजारच्या गोव्यातले आहे. १९८९ च्या फेब्रुवारीत म्हापशाच्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिस घेऊन गेले. त्याचा गुन्हा कोणता? त्याने रक्तदान केले होते! दिलेले रक्त तपासले गेले, त्यात एचआयव्ही निघाला, पण निकाल त्याला सांगण्याआधी पोलिसांना कळला. जुन्या क्षयरोग रुग्णालयाच्या खोलीत त्याला ६४ दिवस एकटे डांबून ठेवले. गोव्याच्या आरोग्य कायद्यात तशी तरतूदच केलेली होती. त्याची आई ल्युसी डिसोझा उच्च न्यायालयात गेली. डॉमिनिक बाहेर आला, पण गावाने त्याला पूर्वीसारखे जगू दिले नाही. त्याने इतर रुग्णांसाठी आवाज उठवला आणि १९९२ साली तो गेला. ज्याने दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून रक्त दिले, त्यालाच कैदी केले गेले. असे पाहिल्यावर कोणता शहाणा माणूस चाचणीला पुढे येईल?

याच्या उलट, चाचणी करून निकालच दडवला तर? अमेरिकेत अलाबामा राज्यातील टस्कीगी इथे १९३२ पासून सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० गरीब काळ्या शेतमजुरांवर 'अभ्यास' चालवला. त्यातील ३९९ जणांना गरमी होती. त्यांना 'तुमचे रक्त खराब आहे' एवढेच सांगितले. पेनिसिलिन हाती आल्यावरही ते मुद्दाम दिले नाही, आजार माणसाला कसा खातो ते बघत बसले. चाळीस वर्षे! १९७२ साली ही गोष्ट फुटली. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली, आणि तिने नाव घेतले होते ते अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथरवरून. काळ्यांचे दुःख आम्हाला समजावून सांगावे लागत नाही. दोन्ही उदाहरणांचा धडा एकच. चाचणीचा निकाल हा ज्याचे रक्त त्याच्या मालकीचा आहे. त्याला तो पुरता सांगितला पाहिजे आणि त्याच्या संमतीवाचून दुसऱ्या कोणाला सांगता कामा नये.

आता हा नुसता नीतीचा प्रश्न राहिलेला नाही, कायदाही झाला आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली संसदेने मंजूर केला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. आमच्या वाचकांनी त्यातल्या चार गोष्टी पाठ कराव्यात. माणसाला समजावून सांगून त्याची संमती घेतल्याशिवाय एचआयव्हीची चाचणी करता येत नाही. त्याची परवानगी किंवा कोर्टाचा हुकूम असल्याशिवाय निकाल उघड करता येत नाही. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याची खोली यांपैकी कुठेही त्याच्याशी भेदभाव करता येत नाही. आणि तक्रार ऐकण्यासाठी राज्यात लोकपाल नेमण्याची तरतूद आहे. याच कायद्यात एक फार मोलाची गोष्ट आहे. जोडीदाराला निकाल सांगितल्याने एखाद्या बाईला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढले जाईल अशी रास्त भीती असेल, तर डॉक्टरने किंवा समुपदेशकाने तो सांगायचा नाही. सासरी निकाल पोचवणाऱ्या उत्साही कर्मचाऱ्यांना हे कोणी वाचून दाखवले आहे काय? हा कायदा एचआयव्हीपुरता असला, तरी रुग्णाचे गुपित राखणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्यच आहे, आजार कोणताही असो.

आम्ही सगळा दोष दवाखान्यावर ढकलून मोकळे होणार नाही. बोभाटा दवाखान्यात सुरू होत असेल, पण तो पिकतो आमच्या ओट्यावर आणि आमच्या नळावर. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या सार्वजनिक पाणवठ्यावर हात लावू दिला नाही, ज्याने चवदार तळ्याचे पाणी माणूस म्हणून ओंजळीत घेतले, त्याच समाजातल्या घरात आजारी सुनेचा ग्लास वेगळा ठेवला जावा? तिच्या लेकराला शेजारच्या अंगणात खेळू दिले जाऊ नये? हाताला हात लागून, एका ताटात जेवून, एकच संडास वापरून एचआयव्ही होत नाही. जंतू जातीचा दाखला पाहत नाही, पण अस्पृश्यता मात्र आपण नव्याने जन्माला घालतो आहोत. आणि गावचा पाटील 'यांच्यातच असतात असले रोग' म्हणतो तेव्हा चिडणारे आम्ही, घरात मात्र तेच वाक्य सुनेच्या माहेराबद्दल बोलतो!

काही धम्मबांधव म्हणतील, पंचशील पाळा, बावीस प्रतिज्ञा पाळा, मग चाचणीची गरजच काय? तिसऱ्या शीलाचा आम्हालाही आदर आहे. पण शील पाळणाऱ्या बाईला शील न पाळणाऱ्या नवऱ्याकडून आजार होतो, त्याचे उत्तर काय? न तपासलेल्या सुईने झाला, आईकडून लेकराला आला, त्याचे काय? आणि समजा एखाद्याचे पाऊल घसरलेच, तर त्याला औषध मिळू नये असे कोणत्या सुत्तात सांगितले आहे? शील माणसाने स्वतःकडे पाहण्यासाठी आहे, शेजाऱ्याला हाणायची काठी म्हणून ते तथागतांनी दिलेले नाही.

रक्त तपासायला आमचा समाज कधी भ्यायला, असेही नाही. सिकलसेलचे पाहा. विदर्भात बौद्ध आणि आदिवासी समाजात हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे, हे कळल्यावर विहाराविहारांत शिबिरे झाली, आयाबापांनी लेकरांना रांगेत उभे केले, लग्न जमवताना पत्रिकेऐवजी सिकलसेलचा अहवाल पाहावा असे कार्यकर्ते सांगू लागले. हे आम्ही करून दाखवले आहे. पण त्यातून एक कडू धडाही मिळाला. जिथे अहवाल सांभाळून दिला नाही, तिथे 'त्या घरात सिकल आहे' अशी कुजबुज झाली आणि पोरींची लग्ने मोडली. लैंगिक आजाराच्या बाबतीत तीच चूक केली तर लग्न मोडण्यावर भागणार नाही, जीव जातील.

म्हणून आमचे सांगणे असे आहे. विहारात माहिती द्यावी, पण चाचणी विहारात मांडव टाकून, लाऊडस्पीकर लावून, नावे पुकारून करू नये. माहिती सर्वांसमोर आणि चाचणी एकांतात, हे सूत्र ठेवावे. महिला मंडळाने स्त्री डॉक्टर बोलवावी आणि पुरुषांना त्या दिवशी बाहेर ठेवावे. पुरुषांची बैठक वेगळी घ्यावी, आणि तिथे कार्यकर्त्यांनी आधी स्वतः चाचणी करून घेतल्याचे सांगावे. निकाल सांगू नये, चाचणी केली एवढेच सांगावे. दहा शिकलेली माणसे एकाच दिवशी त्या पाटीच्या खोलीत शिरली, तर अकराव्याकडे बोट दाखवायला जागा राहत नाही. सगळेच जेव्हा जातात तेव्हा कोण कशासाठी गेला, हे कोणालाच कळत नाही. लहान वस्तीत गुपित राखण्याचा याहून चांगला उपाय आम्हाला तरी दिसत नाही.

दुसरे, नवरा. बायकोला दिवस गेले की पहिल्या तपासणीला नवऱ्याने सोबत जावे आणि त्याच दिवशी आपलेही रक्त द्यावे. दोघांनी एकत्र समुपदेशन घेतले तर 'तू आणलेस की मी आणले' हा तंटाच उरत नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना बजावले होते की, पत्नीने नवऱ्याची दासी होऊ नये, मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे. मैत्रिणीला एकटीला सुई टोचायला पाठवून आपण पानठेल्यावर बसणारा मित्र कसला? लग्नाआधी चाचणी करायची असेल तर तीही दोघांची, राजीखुशीने. सक्तीला आमचा विरोध आहे, कारण सक्तीचा वरवंटा शेवटी मुलीवरूनच फिरतो.

तिसरे, शासन. सुमारे पावणेअठ्ठावीस लाख लोकवस्तीच्या, सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ग्रामीण रुग्णालये आहेत. पण पोडावरून आणि तांड्यावरून तिथे पोचायला दिवस मोडतो. तेव्हा या चाचण्या आठवडी बाजाराच्या दिवशी, रक्तदाब आणि साखरेच्या तपासणीच्या रांगेतच झाल्या पाहिजेत. समुपदेशकाच्या दारावरची ठळक पाटी काढा, बाहेरचे बाक हलवा, हाक नावाने मारण्याऐवजी क्रमांकाने मारा. यातल्या एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. पुरुषांच्या चाचणीचा हिशेब वेगळा ठेवा आणि तो दरमहा जाहीर करा. गोंडी, कोलामी, बंजारा बोलणाऱ्या बाईला तिच्या बोलीत समजावणारे माणूस ठेवा. आणि गुपित फोडणाऱ्यावर कारवाई करा. याच जिल्ह्यात २०२१ च्या जानेवारीत बारा बालकांना पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझर पाजले गेले होते. दवाखान्यावरचा भरवसा एका चुकीने तुटतो आणि पुन्हा बसायला वर्षे लागतात, हे प्रशासनाने ध्यानात ठेवावे.

आणि आता थेट त्या माणसाशी, जो उद्याच्या पहाटेच्या एसटीने नागपूरला निघायच्या बेतात आहे. भाऊ, जा. लाज वाटत असेल तर परगावी जा, पण जा. १०९७ हा फुकटचा फोन आहे, नाव न सांगता विचार. संबंध आल्यानंतर लगेच केलेल्या चाचणीत एचआयव्ही कळेलच असे नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा कर. एका चाचणीवर एचआयव्ही ठरवत नाहीत, तीन वेगवेगळ्या चाचण्या जुळल्या तरच ठरवतात. निघालाच, तर २००४ सालापासून सरकारी केंद्रांत औषध फुकट मिळते, आणि गोळ्या नेमाने घेऊन रक्तातला विषाणू दबला की जोडीदाराला संबंधातून लागण होत नाही. गरमी आणि परमा तर बरेच होतात. फक्त परत येताना एक कर. घरी खोटे कारण सांगून निघाला होतास, आल्यावर बायकोला खरे सांग आणि तिलाही घेऊन जा.

एकदा एक भिक्खू अतिसाराने आपल्याच घाणीत पडून होता. बाकीचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला स्वतःच्या हातांनी धुतले, उचलून खाटेवर निजवले. मग संघाला बोलावून सांगितले की, तुम्हाला ना आई ना बाप, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? हा आजार तुला कसा झाला, असे त्यांनी त्या भिक्खूला विचारल्याचे कुठेही नोंदलेले नाही. त्यांनी आधी पाणी मागवले.

माहेरच्या ओट्यावर आठव्या महिन्यात परत आलेली एखादी पोर आज यवतमाळच्या कोणत्या ना कोणत्या वस्तीत बसलेली असेल. तिने काय केले, हे विचारणारे पुष्कळ आहेत. तिला दवाखान्यात घेऊन जाणारे आणि तिच्या नवऱ्याला चाचणीच्या दारात आणून उभे करणारे भीमसैनिक हवे आहेत. ते आमच्या वाचकांतून निघतील, असा आमचा विश्वास आहे.

जयभीम!